उस्ताद अब्दुल करीम खाँ : ज्यांच्या गळ्यावरून श्रुतींचं मोजमाप झालं

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उरुसात आजही नामवंत गवई तिथं गाऊन हजेरी लावतात. किराणा घराण्याचे मोठे गवई म्हणून खाँसाहेबांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपली मुलं विज्ञानाच्या तासाला वारंवारता आणि तरंगलांबीचं जे गणित सोडवतात, त्याच्याशीही हे नाव जोडलेलं आहे. ही गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही.

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. वालिद काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून गाणं मिळालं. तरुणपणी ते बडोदा दरबारात होते. तिथून ताराबाई माने यांच्यासह मुंबईला आले आणि पुढं मिरजेशी कायमचं नातं जुळलं. प्लेगच्या आजारात मीरासाहेबांच्या दर्ग्यात दुआ मागितली आणि शिफा मिळाली, म्हणून ते मिरजेचे झाले, असं तिकडं सांगतात.

मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथं सतारी आणि तंबोरे घडवायला सुरुवात केली. खाँसाहेबांचा तंबोरा तर इतका नेमका लागायचा की, न लावलेला गंधारही त्यातून ऐकू यायचा. यात जादू नाही. तार छेडली की ती अख्खी हलतेच, शिवाय दोन, तीन, चार, पाच समान भागांतही हलते. पाचव्या हिश्शाची कंपनं मूळ कंपनांच्या पाचपट असतात आणि तोच तो गंधार.

नियम साधा आहे. एका सेकंदात किती कंपनं होतात ती वारंवारता आणि एका लाटेची लांबी ती तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे लाटेचा वेग. वेग तोच राहिला की एक वाढलं तर दुसरं घटणारच. तारेचा ताण न बदलता लांबी निम्मी केली की कंपनं दुप्पट होतात आणि वरचा सा लागतो. दोन तृतीयांश ठेवली की दीडपट, म्हणजे पंचम. षड्ज 240 कंपनांचा धरला तर पंचम 360 चा आणि वरचा सा 480 चा. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे या षड्जाची लाट जवळपास 1.4 मीटर लांब आणि वरच्या सा ची 0.7 मीटर.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना हेच गणित आपल्या रागांना लावून बघायचं होतं. इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हेही त्यांच्यासोबत होते. बावीस श्रुती नेमक्या कुठं आहेत, हे ठरवायला अचूक सूर लावणारा गळा हवा होता. तो खाँसाहेबांनी दिला. गवयाच्या सुराला तार जुळवायची, तिची लांबी मोजायची, लांबीवरून कंपनं काढायची, अशी ही विद्या. 1910 साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं पुस्तक आलं. पुढं श्रुती-हार्मोनियमही बनलं. ते सगळ्यांना पटलं नाही. पंडित भातखंडे यांनी या मांडणीला विरोध केला. आणि अडचण खरीच होती : हार्मोनियमच्या पट्टीचा सूर एकदा ठरला की ठरला, गवयाचा गंधार मात्र रागागणिक जरा सरकतो. पण कानाचा इल्म आणि मोजपट्टी एका बैठकीत आली, ही गोष्ट लहान नाही.

प्रकाशालाही हाच नियम लागू आहे. फक्त त्याचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर तांबड्या प्रकाशाची लाट त्यातले सात भाग आणि जांभळ्याची चार. म्हणजे जांभळ्याची वारंवारता तांबड्याच्या पावणेदोन पट, दुप्पटसुद्धा नाही. डोळ्याला एक सप्तकही पुरतं दिसत नाही. कानाला मात्र 20 ते 20,000 कंपनं, जवळपास दहा सप्तकं ऐकू येतात. अल्लाहनं कानाला केवढी दौलत दिली आहे, बघा!

1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि जातधर्म न बघता शिकवलं. 1922 च्या सुमारास घर मोडलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पण त्याच मुलांपैकी सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे यांनी गाणं पुढं नेलं. शागीर्द सवाई गंधर्व यांच्याकडून ते भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत पोचलं.

27 ऑक्टोबर 1937 ला पाँडिचेरीकडं जाताना गाडीत तब्येत बिघडली. सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर ते उतरले. तिथंच त्यांनी नमाज पढली, सूर लावला आणि त्यांचा इंतकाल झाला, असं सांगितलं जातं. मय्यत मिरजेला आणली गेली.

रोह्याजवळच्या वरसे गावातलं मूल असो की मिरजेतलं, त्याला खिळ्यांना ताणून बांधलेली एक तार आणि एक पट्टी द्या. बरोब्बर मध्ये बोट दाबून छेडायला सांगा. वरचा सा ऐकू आला की त्याला खाँसाहेबांचं नावही सांगा. गाणं आणि विज्ञान, दोन्ही आपल्याच घरातलं आहे, हे त्याला तेव्हा कळेल.