जोसेफिन बटलर : दुःखितांची सखी

देहव्यापारातून सोडवलेल्या मुलींसाठी काही करावे, असा विषय मंडळीत निघाला म्हणजे आपण वर्गणी देतो आणि बाकीचे काम जाणत्या कार्यकर्त्यांवर सोपवून मोकळे होतो. आम्हीही त्यांतलेच. म्हणून ह्या महिन्यात आम्ही अशा एका बाईंचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्यांच्यापाशी आरंभी ना संस्था होती, ना अनुभव.

जोसेफिन ग्रे ह्यांचा जन्म १३ एप्रिल १८२८ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील नॉर्थम्बरलंड परगण्यात झाला. वडील जॉन ग्रे हे शेतीतील जाणकार व गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. माणसाची खरेदी-विक्री हे देवाविरुद्ध पाप आहे, ही खूणगाठ मुलीच्या मनात घरातच बसली. १८५२ साली जॉर्ज बटलर ह्या विद्वान शिक्षकाशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते पाळकही झाले.

ह्या सुखी कुटुंबावर १८६४ साली घाला पडला. धाकटी लेक ईव्हा जिन्याच्या कठड्यावरून खाली पडली आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत गेली. दोन वर्षांनी जॉर्ज ह्यांना लिव्हरपूलच्या कॉलेजात मुख्याध्यापकाची जागा मिळाली. नव्या शहरात बटलरबाईंचे मन कशातच रमेना. आपल्याहून अधिक दुःखी कोण आहे, त्याला शोधावे, असे त्यांनी ठरवले.

शोध त्यांना ब्राउनलो हिलच्या मोठ्या अनाथ-श्रमगृहात घेऊन गेला. तेथील तळघरांत निराधार स्त्रिया व मुली जहाजांचे डांबरलेले जुने दोरखंड बोटांनी सोडवीत बसत. त्यांत पोटासाठी शरीर विकावे लागलेल्या कित्येक होत्या. बाईंनी त्यांच्यापुढे उभे राहून उपदेश केला नाही. त्या ओल्या जमिनीवर त्यांच्यात बसल्या आणि दोरखंड सोडवू लागल्या. हाताला सवय नव्हती, तेव्हा त्या मुली हसल्या. हसता हसता बोलू लागल्या, आणि पुढे एकत्र प्रार्थनाही झाली.

लवकरच बटलर दांपत्याने आपल्या घराचे दार उघडले. क्षयाने ग्रासलेली मॅरियन नावाची तरुणी त्यांच्याच घरी राहिली व तेथेच शांतपणे देवाघरी गेली. घर अपुरे पडू लागल्यावर बाईंनी आजाऱ्यांसाठी विश्रामगृह काढले आणि धडधाकट मुलींना मेहनतीची कमाई मिळावी म्हणून उद्योगगृह सुरू केले. पोटाला काम नसेल तर मुलगी पुन्हा त्याच दारी ढकलली जाते, हे त्यांनी ओळखले होते.

ह्या मुलींच्या सहवासातच त्यांना कायद्याचा अन्याय दिसला. १८६४, १८६६ व १८६९ च्या कायद्यांनी सैन्याच्या व बंदरांच्या गावांत पोलिसांनी नुसत्या संशयावरून स्त्रीला धरावे व तिची सक्तीने वैद्यकीय तपासणी व्हावी, असे ठरले होते. नकार दिल्यास तुरुंग. पुरुषांना मात्र काहीच नाही. १८६९ साली बाईंनी ह्याविरुद्ध स्त्रियांच्या राष्ट्रीय संघाचे पुढारपण पत्करले. प्रथम त्यांनी पतीला विचारले. आपल्या बढतीवर पाणी पडेल हे जाणूनही जॉर्ज ह्यांनी होकार दिला. सभ्य घरातील स्त्रीने असा विषय उच्चारावा, ह्याचा लोकांना संताप आला. १८७२ साली पाँटिफ्रॅक्ट येथे माळ्यावर स्त्रियांची सभा चालू असता खाली गवत पेटवून देण्यात आले. बाई कशाबशा सुटल्या. सतरा वर्षांच्या झगड्यानंतर १८८६ साली ते कायदे रद्द झाले.

मध्यंतरी १८८० साली इंग्रज मुलींना फसवून ब्रसेल्सच्या कुंटणखान्यांत विकले जाते, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. चौकशी होऊन अनेक कुंटणखानेवाल्यांना शिक्षा झाल्या. १८८५ साली इंग्लंडमध्ये मुलींच्या संमतीचे वय १३ वरून १६ वर नेणारा कायदा झाला, त्यामागे त्यांचेही श्रम होते.

आपल्या देशाचाही त्यांना विसर पडला नाही. बेळगाव, महू, सिकंदराबाद ही छावण्यांची गावे आमच्या वाचकांच्या ओळखीची आहेत. त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींसाठी छावण्यांत लाल बाजार भरवले जात व गरीब हिंदी स्त्रियांची सक्तीने तपासणी होई. १८८८ साली पार्लमेंटने ह्याविरुद्ध ठराव केला, तरी कारभार चालूच राहिला. तेव्हा बटलरबाईंच्या विनंतीवरून डॉ. कॅथरिन बुश्नेल व एलिझाबेथ अँड्र्यू ह्या दोन अमेरिकन स्त्रिया १८९१-९२ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील छावण्या हिंडल्या व त्या स्त्रियांची हकीगत त्यांच्याच तोंडून लिहून घेतली. १८९३ साली त्यांनी लंडनच्या चौकशी समितीपुढे साक्ष दिली व लष्करी अधिकाऱ्यांचा इन्कार खोटा ठरला. पण १८९७ साली नव्या नियमांनी बरेचसे जुने परत आणले. थकलेल्या बाईंनी पुन्हा लेखणी उचलली.

३० डिसेंबर १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. काम संपले नव्हते. आजही संपलेले नाही. प्रत्येकाला कायदा बदलता येईल असे नाही. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांना व मंडळीतील भगिनींना आम्ही एवढेच सुचवितो : आपल्या गावात सुटका झालेल्या मुलींचे आधारगृह असेल तर तेथील चालकांना विचारून जावे, शिवण, लिहिणे-वाचणे जे येत असेल ते शिकवावे, आणि मागची हकीगत खोदून विचारू नये. नेमाने जावे. बटलरबाईंच्या कामाचा आरंभ एका ओल्या तळघरात, जमिनीवर बसण्याने झाला होता.