शंकरराव चव्हाण

शंकरराव भाऊराव चव्हाण (१४ जुलै १९२०, पैठण – २६ फेब्रुवारी २००४, मुंबई) हे मराठवाड्यातील काँग्रेस नेते, दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि केंद्रात शिक्षण, संरक्षण, गृह व अर्थ या खात्यांचे मंत्री होते. नांदेड ही त्यांची कर्मभूमी. प्रशासनातील कडक शिस्तीमुळे ते हेडमास्तर या नावाने ओळखले जात. परस्परविरोधी विचारांच्या पक्षांनी १९७८ मध्ये महाराष्ट्रात स्थापन केलेल्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारमध्ये ते मंत्री होते आणि १९९१ मध्ये लोकसभेत बहुमत नसताना सत्तेवर आलेल्या पी.व्ही. नरसिंह राव सरकारमध्ये गृहमंत्री होते. यामुळे भारतातील आघाडी व अल्पमतातील सरकारांच्या अभ्यासात त्यांच्या कारकिर्दीला महत्त्व आहे.

पूर्वायुष्य

चव्हाण यांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पैठण येथे झाला. कायद्याची पदवी त्यांनी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून घेतली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या मुक्तिसंग्रामात ते सहभागी झाले. या लढ्यात वेगवेगळ्या विचारांचे कार्यकर्ते संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणासाठी एकत्र आले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. पुढे काहींनी काँग्रेसची, काहींनी समाजवादी वा साम्यवादी पक्षांची वाट धरली. चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले आणि १९५० च्या दशकात नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

राज्यातील कारकीर्द

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात ते उपमंत्री झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पाटबंधारे खाते दीर्घकाळ त्यांच्याकडे होते. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या वेळी चव्हाण मुख्यमंत्री होते. नांदेडजवळील गोदावरीवरचा विष्णुपुरी उपसा जलसिंचन प्रकल्पही त्यांच्या नावाशी जोडला गेला आहे.

२१ फेब्रुवारी १९७५ रोजी ते मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात शरद पवार हे मंत्री होते. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीतील काँग्रेसच्या पराभवानंतर चव्हाण यांना पद सोडावे लागले आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. पुढे चव्हाण यांनी महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस (मसकाँ) हा वेगळा पक्ष काढला.

पुलोद सरकार

१९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. कोणालाही बहुमत नव्हते. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन मार्चमध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार बनवले. दोघांची विचारसरणी जवळपास एकच होती, तरीही परस्पर अविश्वासामुळे हे सरकार चार महिनेच टिकले. शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी पुलोदचे मुख्यमंत्री झाले.

या नव्या आघाडीतील वैचारिक अंतर पूर्वीच्या सरकारपेक्षा कितीतरी अधिक होते. जनता पक्षातील पूर्वाश्रमीच्या जनसंघाचे उत्तमराव पाटील व हशू अडवाणी, समाजवादी सदानंद वर्दे आणि शेतकरी कामगार पक्षाचे एन.डी. पाटील हे एकाच मंत्रिमंडळात होते. माजी मुख्यमंत्री चव्हाण हे आपल्या पूर्वीच्या सहकारी मंत्र्याच्या हाताखाली मंत्री झाले. आघाडीत सर्वांत मोठा पक्ष जनता पक्ष होता, मुख्यमंत्रिपद मात्र लहान गटाकडे होते.

ज्या प्रश्नांवर आधीच व्यापक सहमती होती, त्यांवर या सरकारला काम करता आले. रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, हे त्याचे उदाहरण होय. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर मात्र आघाडीची मर्यादा उघड झाली. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. सभागृहात पक्षांचे एकमत झाले होते, परंतु गावोगावच्या समर्थकांना त्यासाठी तयार करण्याचे काम कोणत्याही पक्षाने केले नव्हते. ठरावाची अंमलबजावणी थांबली. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व लातूर, नांदेड, परभणी ही क्षेत्रे त्याकडे आली.

इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकार बरखास्त झाले. चव्हाण त्यापूर्वीच इंदिरा काँग्रेसमध्ये परतले होते व जानेवारी १९८० मध्ये नांदेडमधून लोकसभेवर निवडून आले होते.

केंद्रात

केंद्रात ते शिक्षणमंत्री, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, संरक्षणमंत्री व गृहमंत्री झाले. मार्च १९८६ ते जून १९८८ या काळात ते पुन्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यानंतर १९८९ पर्यंत ते केंद्रीय अर्थमंत्री होते.

अल्पमतातील सरकार

२१ जून १९९१ रोजी नरसिंह राव पंतप्रधान झाले. राव हेदेखील हैदराबाद संस्थानातील मुक्तिलढ्यातून आलेले होते. गृहखाते चव्हाण यांच्याकडे आले आणि राज्यसभेचे सभागृहनेतेपदही त्यांना मिळाले. काँग्रेस लोकसभेत सर्वांत मोठा पक्ष होता, परंतु त्याला बहुमत नव्हते. अशा सरकारला प्रत्येक मतदानात उपस्थित सदस्यांपैकी अधिक मते मिळवावी लागतात. विरोधकांपैकी एखादा गट तटस्थ राहिला तरी सरकार तरते. एका बाजूला भारतीय जनता पक्ष व दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय आघाडी आणि डावे पक्ष असल्याने विरोधक सहसा एकत्र येत नसत. सरकारचे आयुष्य बऱ्याच अंशी या अंतरावर अवलंबून होते.

सभागृह चालवण्यासाठी औपचारिक समजुतीही झाल्या. लातूरचे खासदार शिवराज पाटील १० जुलै १९९१ रोजी लोकसभेचे अध्यक्ष झाले व उपाध्यक्षपद भाजपचे एस. मल्लिकार्जुनय्या यांना मिळाले. १९९३ मध्ये मंत्रालयांशी संलग्न १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. त्यांत सर्व पक्षांचे सदस्य अनुदानाच्या मागण्या व विधेयके यांची छाननी करू लागले.

अयोध्या आणि विश्वासाचा प्रश्न

उत्तर प्रदेशातील भाजप सरकारने बाबरी मशिदीच्या संरक्षणाची हमी सर्वोच्च न्यायालयात दिली होती. केंद्राने तिच्यावर विसंबून राज्यातील सरकार कायम ठेवले. वास्तू ताब्यात घेण्याची आकस्मिक योजना गृह मंत्रालयाने तयार केली होती, असे तत्कालीन गृहसचिव माधव गोडबोले यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवले आहे. ती अमलात आली नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी मशीद पाडली गेली आणि देशभर दंगली उसळल्या. केंद्रीय दले जवळ असतानाही त्यांचा उपयोग झाला नाही, याबद्दल राव यांच्यासह चव्हाण यांच्यावर तीव्र टीका झाली. हमीचे पालन होते की नाही हे तपासण्याची व वेळीच हस्तक्षेप करण्याची जबाबदारी केंद्राची होती, असा आक्षेप टीकाकार घेतात. घटनेने राज्यांना दिलेल्या अधिकारांचा मान राखणे भाग होते, अशी बाजू सरकारतर्फे मांडली गेली.

या घटनेनंतर संसदेतील समीकरणे बदलली. जुलै १९९२ मध्ये सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २२५ विरुद्ध २७१ मतांनी फेटाळला गेला होता. डिसेंबरमधील ठरावाच्या बाजूने केवळ १११ मते पडली, तर विरुद्ध ३३६. काँग्रेसच्या आर्थिक धोरणांना कडाडून विरोध करणारे पक्षही या वेळी सरकारला पाडण्यास तयार नव्हते. त्याच आठवड्यात पंचायत राज व नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी विधेयके संसदेने संमत केली. घटनादुरुस्तीसाठी दोन तृतीयांश मते लागतात, त्यामुळे ती अन्य पक्षांच्या सहकार्याशिवाय शक्य नव्हती. पुढे ती ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती म्हणून अमलात आली.

जुलै १९९३ चा ठराव

२८ जुलै १९९३ रोजी तिसरा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ अशा अवघ्या १४ मतांनी फेटाळला गेला. त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याचा आरोप नंतर झाला. चव्हाण त्या खटल्यात आरोपी नव्हते. राव यांना २००० मध्ये कनिष्ठ न्यायालयाने दोषी ठरवले व २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्यांना घटनेचे संरक्षण मिळते, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निर्णय त्याच न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला.

४ मार्च १९९७ रोजी राज्यसभेने आपली पहिली नीतिविषयक समिती नेमली. तिचे अध्यक्षपद चव्हाण यांना देण्यात आले. समितीने सदस्यांसाठी आचारसंहितेची चौकट आणि हितसंबंधांची नोंदवही सुचवली.

मूल्यमापन

चव्हाण यांच्या कारकिर्दीतील दोन्ही प्रयोगांत विरोधी विचारांचे पक्ष ठरावीक विषयांपुरते एकत्र येऊ शकले. रोजगार हमी, स्थायी समित्या व स्थानिक स्वराज्य संस्था यांबाबत मतभेद बाजूला ठेवले गेले. नामांतराच्या वेळी सहमती सभागृहाबाहेर पोहोचली नाही, अयोध्येच्या वेळी शब्दावर ठेवलेला विश्वास अपुरा ठरला आणि १९९३ च्या मतदानानंतर बहुमत कोणत्या मार्गाने मिळवले जाते हा प्रश्न उभा राहिला. समर्थक त्यांना मराठवाड्याच्या सिंचनाचे शिल्पकार मानतात, तर टीकाकार पक्षांतर व गृहमंत्रिपदाचा काळ यांवर बोट ठेवतात.

स्मृती

विष्णुपुरी जलाशयाला शंकर सागर हे नाव देण्यात आले आहे. नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण २००८ ते २०१० या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. राज्यात वडील व मुलगा दोघेही मुख्यमंत्री झाल्याचे हे पहिले उदाहरण आहे.