लग्नानंतर सुरू झालेली कारकीर्द

स्मरणिकेसाठी लिही असा ग्रुपवर निरोप आला, तेव्हा सॉफ्टवेअरवर लिहायचं नाही एवढं लगेच ठरवलं. ते रोजचंच आहे. त्यापेक्षा ज्योत्स्ना भोळे यांच्याबद्दल लिहिते. आपल्या गाण्याच्या बाईंनी स्नेहसंमेलनासाठी ‘माझिया माहेरा जा’ मुलींकडून किती घोटून घेतलं होतं, आठवतंय ना? शब्द राजा बढे यांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची आणि मूळ आवाज ज्योत्स्नाबाईंचा.

त्यांचा जन्म 1914 चा, गोव्यातल्या बांदिवड्याचा. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. थोरली बहीण गिरिजाबाई गायिका होती. दुर्गा मुंबईत आली, आग्रा घराण्याची तालीम घेऊ लागली आणि 1932 मध्ये तिचं केशवराव भोळ्यांशी लग्न झालं. केशवराव मुंबईला आले होते डॉक्टर व्हायला आणि झाले संगीतकार. (आपल्या बॅचमध्येही डॉक्टर व्हायला निघालेले बरेच होते. असो.) पुढे ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ला संगीत दिलं ते यांनीच.

बहुतेक बायकांचं गाणं लग्नाशी थांबायचं, तो हा काळ. ज्योत्स्नाबाईंचं नाटक मात्र लग्नानंतर सुरू झालं. 1 जुलै 1933 ला मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं, मराठी रूप श्री. वि. वर्तकांचं. मुलीकडून जी शुद्धता मागता ती नवऱ्या मुलाकडूनही मागा, असं त्याचं म्हणणं. ते रंगभूमीवरून मांडणाऱ्या नायिकेचं वय होतं 19. बायका त्याआधी रंगभूमीवर नव्हत्या असं नाही, हिराबाई बडोदेकरांनी ती वाट आधीच मळवली होती. पण इथे सगळंच वेगळं होतं. पहाटेपर्यंत चालणारी पदं नाहीत, वन्समोअरची रांग नाही. खऱ्या घरासारखं घर, बोलल्यासारखे संवाद आणि मोजकी, छोटी गाणी. संगीत केशवरावांचं. आलापी आवरून शब्दाला पुढे येऊ देणं हे त्या दोघांचं बलस्थान, आणि भावगीताला त्याचा मोठा फायदा झाला असं मला वाटतं.

1942 मध्ये मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ आलं. संगीत मास्टर कृष्णरावांचं. ‘बोला अमृत बोला’ त्यातलंच, आपल्या आजीपासून आपल्यापर्यंत सगळ्यांनी गुणगुणलेलं. पण गाणी बाजूला ठेवून गोष्ट पाहा. भानुमती सिनेमात काम करते, नाव कमावते आणि तेच नवऱ्याला सलतं. शेवटी ती घर सोडते. इब्सेनची नोरा आठवते, पण भानुमतीचं घर पक्कं मराठी आहे. गंमत म्हणजे हे रोज रात्री करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरी नवराच गाण्यांना चाली लावून देत होता.

परवा यादी करताना मोजलं. आपल्या वर्गातल्या इंजिनिअर झालेल्या नऊ मुलींपैकी चौघींनी लग्नानंतर पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली. कुणी खुशीने, कुणी कंटाळून, आणि एकीने ‘तुझा पगार माझ्यापेक्षा जास्त’ हे रोज ऐकून. तिने मला हे सांगितलं तेव्हा आधी भानुमतीच आठवली. माझी स्वतःची नोकरी टिकली त्यात सासूबाईंचा वाटा माझ्याइतकाच आहे, हेही लिहून ठेवते.

नंतरची वर्षं ज्योत्स्नाबाई नाटकात, मैफलीत, रेडिओवर गात राहिल्या. ‘आराधना’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं. ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ हे आत्मचरित्र उतारवयात आलं. सापडलं तर जरूर वाचा. 2001 च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. पुण्यात हिराबागेत त्यांच्या नावाचं छोटं सभागृह आहे, तिथे नव्या मुलामुलींचे नाटकाचे प्रयोग होतात.