धन्यवादित नील्स स्टेन्सेन

चादरीची नक्षी बिघडली तर चुकलेला धागा शेवटपर्यंत चाचपीत जावें लागतें, हें आम्हां सोलापूरकरांस सांगावयास नको. मेंदूविषयीं हीच रीत धन्यवादित नील्स स्टेन्सेन यांनीं सुचविली.

१६३८ सालीं कोपनहेगन येथें एका ल्यूथरपंथी सोनाराच्या घरीं ते जन्मले. तरुणपणींच शवविच्छेदनांत त्यांची कीर्ति झाली. गालांतील लाळेची नळी आजहि त्यांच्या नांवानें ओळखली जाते. १६६५ त पॅरिसच्या विद्वानांपुढें व्याख्यान देतांना, आपणांस मेंदूचें कांहींच ज्ञान नाहीं, अशी कबुली त्यांनीं आरंभींच दिली. केवढें हें धैर्य! भागांच्या नांवांविषयीं तेव्हां एकमत नव्हतें. ज्याची कापण्याची रीत जशी, तसे त्याचे भाग. शुभ्र द्रव्यांतील तंतूंचा माग काढा, असें त्यांचें सांगणें होतें. थोर तत्त्ववेत्ते देकार्त यांचें मेंदूचें वर्णन प्रत्यक्षाशीं जुळत नाहीं, हेंहि त्यांनीं दाखविलें.

१६६७ त ते कॅथोलिक झाले, १६७५ त धर्मगुरु, १६७७ त बिशप. शास्त्र मागें पडलें, याची आम्हांस किंचित् हळहळ वाटते. १६८६ त श्वेरीन येथें ते अत्यंत गरिबींत निवर्तले. १९८८ त पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्यवादित घोषित केलें.

आज गणकयंत्रांकरितां शरीराच्या भागांची वर्गवारी रचणाऱ्यांसहि, करडें द्रव्य हा ऊतकाचा प्रकार कीं मेंदूचा भाग, हें आधीं ठरवावें लागतें.