नाव हरवलेली मुलगी : संत जोसेफिन बखिता

दरवर्षी ८ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता यांचा सण साजरा करते. २०१५ सालापासून हाच दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना व जागृतीचा दिवस म्हणूनही पाळला जातो. गुलामगिरीतून सुटून धर्मभगिनी झालेली आफ्रिकन मुलगी म्हणून बखिता आपल्याला ठाऊक आहेत. मात्र त्यांच्या जीवनाकडे आणखी एका बाजूने पाहण्यासारखे आहे. एखाद्या माणसाचे घर, भाषा, नाव सारे हिरावून घेतले आणि त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याची किंमत ठरवली, तर त्याच्या मनाचे काय होते? आणि ते मन पुन्हा उभे राहते ते कशाच्या आधारावर?

बखिता यांचा जन्म सुमारे १८६९ साली सुदानमधील दारफूर प्रांतात झाला. ओल्गोसा हे त्यांचे गाव आणि डाजू ही त्यांची जमात असे मानले जाते. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील गावच्या प्रमुखाचे भाऊ. तीन भाऊ, तीन बहिणी, शेती, गुरेढोरे अशी भरल्या घरात वाढणारी ही मुलगी होती. त्या काळी गुलामांचे व्यापारी गावोगावी धाडी घालत. आधी तिच्या मोठ्या बहिणीला त्यांनी पळवले. पुढे १८७७ च्या सुमारास, सात-आठ वर्षांची ही चिमुरडी मैत्रिणीबरोबर शेतात गेली असता दोघा माणसांनी गोड बोलून तिला बाजूला नेले, सुरा दाखवला आणि उचलून नेले.

त्यांनी तिला नाव विचारले. भीतीने तिची वाचाच बसली होती. तेव्हा त्या माणसांनीच तिला बखिता म्हणायला सुरुवात केली. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ भाग्यवान! केवढी ही थट्टा! पुढे तेच नाव तिला चिकटले. आईबापांनी ठेवलेले नाव तिला पुन्हा कधीही आठवले नाही. अगदी म्हातारपणीसुद्धा नाही.

मोठा आघात झाला म्हणजे मन स्वतःला वाचवण्यासाठी काही दारे बंद करून घेते, आणि कधी कधी माणूस स्वतःच्या ओळखीच्या गोष्टीही विसरून जातो, हे आज मनोविकारतज्ज्ञ जाणतात. बखिताला आईचा चेहरा आठवे, भावंडे आठवत, घर आठवे. पण स्वतःचे नाव मात्र त्या अंधारात राहून गेले.

पुढची काही वर्षे तिची पुन्हा पुन्हा विक्री झाली. अनवाणी पायांनी शेकडो किलोमीटर चालवून तिला एल ओबेद या शहरातील बाजारात आणले. एकदा एका मुलीबरोबर ती पळाली, पण पुन्हा पकडली गेली. एका मालकाच्या मुलाने तिला इतके मारले की महिनाभर तिला हलता येत नव्हते. मग ती एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी आली. तेथे तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कोरली गेली आणि व्रण कायम राहावेत म्हणून जखमांत मीठ चोळले गेले. छाती, पोट आणि उजवा हात मिळून ११४ व्रण! आपण गुरांवर खूण करतो, तशी माणसावर केलेली ही मालकीची खूण होती.

१८८३ साली खार्टूममधील इटलीचे उपवाणिज्यदूत कॅलिस्तो लेन्यानी यांनी तिला विकत घेतले. येथे प्रथमच तिला मारहाण झाली नाही आणि अंगभर कपडे मिळाले. दोन वर्षांनी सुदानमध्ये महदींचे बंड चिघळले तेव्हा लेन्यानी मायदेशी निघाले. मलाही न्या, अशी तिने गयावया केली. इटलीत पोचल्यावर तिला मिकिएली नावाच्या कुटुंबाकडे सोपवण्यात आले. व्हेनिसजवळच्या झियानिगो या गावी ती त्यांची छोटी मुलगी मिम्मिना हिला सांभाळू लागली. या दोघींचा एकमेकींवर फार जीव जडला.

१८८८ च्या अखेरीस मिकिएलीबाई लाल समुद्रावरील सुआकिन येथे आपल्या पतीच्या हॉटेलच्या कामासाठी निघाल्या. मिम्मिना आणि बखिता यांना त्यांनी व्हेनिस येथील कानोसियन धर्मभगिनींच्या आश्रमात ठेवले. तेथे धर्मशिक्षण घेताना बखिताला आपल्या लहानपणीचा एक प्रश्न आठवला. सूर्य, चंद्र, तारे पाहून हे सारे कोणी केले असेल असे तिला वाटे. आता त्याचे उत्तर तिला मिळाले होते.

बाई परत आल्या आणि बखिताला न्यायला निघाल्या. बखिताने नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदा ती नाही म्हणाली! समोर रडणारी मिम्मिना होती. तिला सोडणे सोपे नव्हते. प्रकरण न्यायदरबारी गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल लागला. इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्य नाही, बखिता सज्ञान आहे, तेव्हा ती स्वतंत्र आहे आणि कोठे राहायचे हे तिचे तिने ठरवावे. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा स्नानसंस्कार झाला आणि तिला जोसेफिन मार्गारेट फोर्तुनाता ही नावे मिळाली. फोर्तुनाता म्हणजेही भाग्यवान. पळवून नेणाऱ्यांनी दिलेले नाव तिने टाकून दिले नाही. त्याचा अर्थ आता खरा झाला होता.

दुसऱ्या एका शब्दाचेही असेच झाले. व्हेनिसच्या बोलीत मालकाला पारोन म्हणतात. बखिता देवाला याच नावाने हाक मारीत. ज्या शब्दाने आजवर फक्त फटके दिले, तोच शब्द त्यांनी प्रेमाच्या पित्यासाठी वापरला. या मालकाने आपल्यासाठी स्वतः फटके खाल्ले, हे त्यांना पटले होते. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती आशेवरील आपल्या परिपत्रकात बखितांचे उदाहरण दिले, ते याच कारणासाठी.

१८९६ साली त्यांनी व्रते घेतली आणि १९०२ पासून त्या स्कियो या गावी राहू लागल्या. स्वयंपाक, भरतकाम, सॅक्रिस्टीची कामे आणि पुढे दारावर येणाऱ्यांचे स्वागत, अशी साधी कामे त्यांनी केली. काळ्या कातडीची व्यक्ती त्या गावाने क्वचितच पाहिली असेल. सुरुवातीला मुली घाबरत. मग त्यांच्या मृदू आवाजाने त्या जवळ आल्या. गावकरी त्यांना प्रेमाने मादरे मोरेत्ता, म्हणजे सावळी मदर, म्हणू लागले.

पण ते प्रेमही त्यांच्या रंगाला विसरत नव्हते. १९३१ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि लोकांची त्यांना पाहायला रीघ लागली. मिशनकार्यासाठी त्यांना इटलीभर सभांना नेण्यात आले. त्या व्यासपीठावर बसत, दोन शब्द बोलत, आणि लोक टक लावून पाहत. त्यांना हे जड जाई. आपण जणू प्रदर्शनातले जनावर आहोत, असे त्यांना वाटे. याच काळात, १९३५ मध्ये, इटलीने इथिओपियावर स्वारी केली. एकीकडे आफ्रिकन माणसाला हीन लेखणारा प्रचार चालू होता, तर दुसरीकडे एका आफ्रिकन भगिनीसमोर गर्दी हात जोडत होती. आज्ञापालन म्हणून त्यांनी ते सोसले.

आपल्याला पळवणारे भेटले तर त्यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असे त्या सांगत. कारण ते झाले नसते तर प्रभू येशूची ओळख झाली नसती. याचा अर्थ त्या दुष्कृत्याला त्यांनी चांगले म्हटले असा नाही. सूडाची साखळी त्यांनी स्वतःच्या मनातून काढून टाकली, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र क्षमा केली म्हणून जखम पुसली जाते का? शेवटच्या आजारात तापाच्या ग्लानीत बखिता पुन्हा त्या गुलामांच्या तांड्यात पोचल्या. साखळ्या फार घट्ट आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी त्या शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला करीत होत्या. सत्तर वर्षे लोटली होती! ८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली त्यांना धन्य आणि १ ऑक्टोबर २००० रोजी संत घोषित केले.

बंधुभगिनींनो, त्या साखळ्यांचा प्रसंग आपण विसरू नये. आपल्या घरात, शेजारी कोणी जुन्या आघाताने खचलेले असते. प्रार्थना कर, झाले गेले विसर, असे आपण चटकन सांगून मोकळे होतो. संताच्या मनातही ती जखम अखेरपर्यंत होती. मग तिला श्रद्धेची उणीव कसे म्हणावे? अशा माणसाला प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवा, समुपदेशन हवे आणि शांतपणे ऐकून घेणारे माणूस हवे. स्कियोच्या त्या भगिनी शेवटपर्यंत बखितांच्या उशाशी बसून होत्या.

आणि रंगाचे काय? पोर्तुगीज काळात गोव्यात आणि आपल्या वसईच्या परिसरातही आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. त्यांचीही नावे बदलली गेली आणि मागे उरली नाहीत. आज आपण गुलाम ठेवत नाही. पण सून शोधताना गोरीच हवी म्हणतो, सावळ्या मुलीला तिच्यादेखत नावे ठेवतो, घरी कामाला येणाऱ्या बाईला वर्षानुवर्षे तिच्या नावाने हाक मारत नाही. लहान मुलीच्या मनावर याची नक्षी कशी कोरली जाते, ते बाहेरून दिसत नाही, एवढाच फरक.

या आठवड्यात निदान एवढे करू या. आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव विचारू या, आणि त्याच नावाने त्याला हाक मारू या.