सह्याद्रीतल्या 'भामण' झुडपाला नागपूर दरबारातल्या इंग्रज वकिलाचं नाव कसं मिळालं?

हिवाळा संपत आला की सह्याद्रीच्या उतारांवर एक झुडूप फुलतं. माणसापेक्षा थोडं उंच, पानं लोकरीसारखी मऊ आणि खारीच्या शेपटीसारखे दिसणारे पांढुरके तुरे. मराठीत याला भामण म्हणतात. हे झुडूप तुळशीच्या, पुदिन्याच्या कुळातलं आहे. विशेष म्हणजे त्याच्या प्रजातीत ते एकटंच आहे, दुसरं भावंड नाही.

त्याचं शास्त्रीय नाव कोलब्रुकिया ऑपॉझिटीफोलिया. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १८०६च्या सुमारास हे नाव दिलं, ते हेन्री थॉमस कोलब्रुक यांच्या सन्मानार्थ. हे कोलब्रुक म्हणजे काही माळी किंवा वनाधिकारी नव्हते. ते होते कंपनी सरकारचे न्यायाधीश आणि त्या काळातले सर्वात मोठे युरोपीय संस्कृत पंडित!

वडिलांचं दिवाळं आणि भारतात नोकरी

कोलब्रुक यांचा जन्म १७६५ साली लंडनमध्ये झाला. वडील सर जॉर्ज ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते, पण पुढे त्यांची पेढी बुडाली. १७८३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी हेन्री कंपनीच्या नोकरीसाठी भारतात आले.

सुरुवातीला त्यांचं मन इथे रमलं नाही. संस्कृतचंही वेड नव्हतं. त्यांना आवड होती गणिताची आणि शिकारीची. पण भारतीयांचं गणित आणि ज्योतिष समजून घ्यायचं तर संस्कृतला पर्याय नाही, हे लक्षात आलं आणि ते अभ्यासाला लागले. तिरहुत, पूर्णिया, मिर्झापूर अशा बदल्या होत राहिल्या. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात पोथ्या, असा क्रम सुरू झाला.

भोसल्यांच्या दरबारात

१७९९ मध्ये कंपनीने त्यांना नागपूरला दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारात वकील, म्हणजे राजदूत म्हणून पाठवलं. भोसल्यांना कंपनीच्या तहात ओढायचं, हे काम होतं. रघुजींनी दाद दिली नाही. १८०१ मध्ये कोलब्रुक रिकाम्या हाताने परतले.

राजकारणात अपयश आलं, पण अभ्यासात नाही. १८०५ मध्ये वेदांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वेदांमध्ये नेमकं काय आहे, याची भरवशाची माहिती युरोपला पहिल्यांदा त्यातून मिळाली. १८०८ मध्ये त्यांनी अमरकोश छापला. वनस्पतींवरही ते लिहीत होते. विदर्भात, खानदेशात दिसणाऱ्या सालई वृक्षाचं शास्त्रीय वर्णन त्यांच्याच १८०७ च्या लेखातून प्रसिद्ध झालं. त्यामुळे आजही सालईच्या शास्त्रीय नावाला त्यांचं नाव जोडलं जातं.

हिमालयाबद्दलही त्यांचं म्हणणं खरं ठरलं. तेव्हा युरोपात अँडीज पर्वत जगात सर्वात उंच मानला जायचा. कोलब्रुक यांनी मोजमापांच्या आधारे धवलगिरी २६ हजार फुटांहून उंच असल्याचं मांडलं. अनेकांनी शंका घेतल्या. आज धवलगिरीची उंची ८,१६७ मीटर, म्हणजे साधारण २६ हजार ८०० फूट मानली जाते.

१८१७ मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचं त्यांनी थेट संस्कृतातून केलेलं भाषांतर आलं. 'लीलावती' आणि 'बीजगणित' त्यात होते. शून्य, ऋण संख्या, अवघड समीकरणं यांवर भारतात शेकडो वर्षांपूर्वी किती काम झालं होतं, हे युरोपच्या गणितज्ञांना पाहता आलं.

दुसरी बाजू

पण हे सगळं निव्वळ ज्ञानप्रेम नव्हतं. कंपनीला हिंदूंचे खटले चालवायला कायदा हवा होता. जगन्नाथ तर्कपंचानन यांच्यासारख्या पंडितांनी संस्कृतात ग्रंथ रचला, कोलब्रुक यांनी तो इंग्रजीत आणला. १८१० मध्ये त्यांनी 'दायभाग' आणि 'मिताक्षरा'तल्या वारसाहक्काच्या प्रकरणाचं भाषांतर केलं. इंग्रज न्यायाधीश पुढे याच छापील भाषांतरांवर विसंबून निवाडे देऊ लागले. गावोगावच्या, जातीजातींच्या वेगवेगळ्या चालीरीती मागे पडत गेल्या आणि पोथीतला नियम सगळ्यांना लागू होऊ लागला. मुलींच्या, विधवांच्या वाट्याला काय येणार, हेही त्यातूनच ठरू लागलं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या वाटण्यांवर 'मिताक्षरा'ची छाप होती.

शेवट

१८१४ मध्ये पत्नीचं निधन झालं आणि त्यानंतर लवकरच कोलब्रुक इंग्लंडला परतले. १८१९ मध्ये त्यांनी आपला सुमारे २,७०० हस्तलिखितांचा संग्रह कंपनीच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. आज तो ब्रिटिश लायब्ररीत आहे. १८२३ मध्ये लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. अखेरच्या काळात, आयुष्यभर पोथ्या वाचणाऱ्या या माणसाची दृष्टी गेली. १८३७ मध्ये त्यांचं निधन झालं.

कोलब्रुक यांची पुस्तकं आज अभ्यासकच उघडतात. त्यांना संस्कृत शिकवणाऱ्या, पोथ्यांचा अर्थ लावून देणाऱ्या पंडितांची नावं तर फारच थोड्यांना माहीत आहेत. भामण मात्र दरवर्षी फुलते. पुढच्या वेळी घाटात पांढऱ्या तुऱ्यांचं हे झुडूप दिसलं, तर कोलब्रुकसोबत त्या पंडितांचीही आठवण काढायला हरकत नाही.