खोट्या मारियाची जन्मदात्री : थेआ फॉन हार्बू

दिवाळीला धाराशिवला घरी गेले होते. आत्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. टीव्हीवरचा एक ओळखीचा चेहरा दामदुप्पट योजनेबद्दल बोलत होता. आवाज तोच, ओठही बरोबर हलत होते. सोयाबीनचे आलेले पैसे आत्या त्यात टाकायच्या बेतात होती. व्हिडिओ बनावट आहे असं मी म्हटलं, तर चेहरा तर त्याचाच आहे की, हेच तिचं पालुपद.

मी चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. तरी आत्याला पटेल असं उत्तर मला सुचेना. मग आठवला 'मेट्रोपोलिस' नावाचा जर्मन मूकपट. आत्याची अडचण जवळपास १०० वर्षांपूर्वी कागदावर उतरवणारी बाई म्हणजे थेआ फॉन हार्बू. आणि तिचं एक नातं थेट आपल्या बेळगावशी जुळतं.

लेखिका ते पटकथाकार

थेआचा जन्म २७ डिसेंबर १८८८ चा, जर्मनीतल्या बव्हेरियाचा. आधी नाटकात नटी, मग कादंबरीकार. भारत न पाहताच तिने १९१८ मध्ये भारतावर 'दास इंडिशे ग्राबमाल' ही कादंबरी लिहिली. तिची पटकथा करताना दिग्दर्शक फ्रिट्झ लांगशी तिची जोडी जमली. १९२२ मध्ये दोघांनी लग्न केलं.

'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ ला बर्लिनमध्ये झळकला. भविष्यातलं शहर: वर गगनचुंबी इमारतींत श्रीमंत, खाली जमिनीच्या पोटात यंत्रांना जुंपलेले कामगार. कामगारांचा विश्वास असतो मारिया नावाच्या मुलीवर. शहराचा मालक एका शास्त्रज्ञाकडून यंत्रमानवाला मारियाचा चेहरा चढवून घेतो. खोटी मारिया कामगारांना भडकवते, ते यंत्रं फोडतात आणि त्यांच्याच वस्तीत पाणी शिरतं. म्हणजे डीपफेकच की! आणि कामगार फसतात ते बावळट म्हणून नाही, तर त्या चेहऱ्यावर त्यांचा जीव असतो म्हणून.

गंमत अशी की शहर दाखवायलाही डोळ्यांना फसवावंच लागलं. कॅमेऱ्यासमोर तिरका आरसा ठेवायचा आणि त्याचा काही भाग खरवडून पारदर्शक करायचा. खरवडलेल्या काचेतून खरी माणसं दिसतात, उरलेल्या आरशात छोट्या मॉडेलचं प्रतिबिंब. कॅमेऱ्याला दोन्ही मिळून एकच भलीमोठी इमारत वाटते. याला म्हणतात शुफ्टान तंत्र.

रॉकेट आणि काउंटडाउन

१९२९ मध्ये थेआच्याच कथेवर 'फ्राउ इम मोंड', म्हणजे चंद्रावरची बाई, हा सिनेमा आला. रॉकेटशास्त्रज्ञ हेरमान ओबेर्थ त्याचे सल्लागार होते. टप्प्याटप्प्याने सुटणारं रॉकेट आणि उलटी मोजणी लोकांनी पडद्यावर पाहिली. ३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मनीचं जे रॉकेट यशस्वी उडालं, त्यावर याच सिनेमाचं चित्र रंगवलेलं होतं. त्याच जातीची व्ही-२ रॉकेटं पुढे लंडनवर कोसळली.

बेळगुंदीचे तेंडुलकर

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्याच वर्षी थेआ-लांगचा घटस्फोट झाला. लांगची आई ज्यू कुळातली. तो देश सोडून गेला. थेआ मात्र राहिली, नाझी पक्षाची सदस्य झाली आणि त्या राजवटीतही सिनेमे लिहीत राहिली.

आणि याच काळात तिने गुपचूप लग्न केलं ते बेळगावजवळच्या बेळगुंदीच्या आई गणपत तेंडुलकरांशी. ते बर्लिनमध्ये पत्रकारिता करत. तिच्यापेक्षा वयाने बरेच लहान. प्रसिद्ध जर्मन बाईने सावळ्या भारतीयाशी लग्न करणं त्या राजवटीला खपलं नसतं, म्हणून लपवाछपवी. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले. इथे त्यांना इंग्रजांचा तुरुंग भोगावा लागला. पुढे त्यांनी इंदुमती गुणाजींशी लग्न केलं. भारतीयांना मदत करता यावी म्हणून पक्षात गेले, असं थेआने युद्धानंतर कारण दिलं. तिने मदत केली हे खरं. पण ज्या राजवटीपासून नवरा लपवावा लागला, तिच्याच पक्षात ती होती, हेही खरं.

युद्धानंतर इंग्रजांनी तिला छावणीत ठेवलं. नंतर बर्लिनमध्ये तिने पडक्या इमारतींचा ढिगारा उपसला. १९५४ मध्ये स्वतःच्याच एका जुन्या सिनेमाच्या खेळाला गेली असताना ती पडली, आणि १ जुलैला वारली.

मग शिकायचं काय?

मला ही बाई सोडवत नाही. विश्वासाचा चेहरा चोरता येतो, हे तिला इतरांच्या कितीतरी आधी दिसलं. पण स्वतःच्या देशात तोच खेळ चालू असताना ती त्यात सामील झाली. तंत्रज्ञान कुठे जाणार हे ओळखणं वेगळं, आणि ते कोणाच्या हातात आहे हे विचारणं वेगळं. दुसरी गोष्ट आम्हा इंजिनिअर मंडळींना कुठल्याच सेमिस्टरला नव्हती.

आत्याला मी खोट्या मारियाची गोष्ट सांगितली. ती गप्प बसून ऐकत होती. मग तिला म्हटलं, चेहरा कोणाचा ते सोड, पैसे कोणाच्या खात्यात जातात ते बघ. तिने खालचा खातेनंबर वाचला. नाव भलत्याचंच होतं.

पैसे अजून बँकेतच आहेत. आणि पुण्यात परतल्यावर आमच्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच विचारलं, की आपलं हे सॉफ्टवेअर विकत कोण घेतंय. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा विचारणार आहे.